वाटेवरचें काव्य

परदेशीं जाऊन आलेल्या माणसानें तेथील गगनचुंबी इमारती, रुंद रस्ते आणि मोठमोठे धबधबे यांचें वर्णन करावें, अशी रीत पडून गेली आहे. आम्हीही गतवर्षीं पांच महिने अमेरिकेंत राहून आलों आणि हें सारें थोडेंबहुत पाहिलें. परंतु त्यांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. आणि आतां तर घरोघरचीं मुलेंच तीं वर्णनें आपल्या आजोबांना ऐकवितात. आज आम्ही वाचकांस एका पायवाटेवर नेणार आहों. ती जेमतेम एक मैल लांब आहे. तिच्या शेवटीं देऊळ नाहीं कीं किल्ला नाहीं. ती जेथून निघते तेथेंच फिरून येऊन मिळते. परंतु या एका मैलानें आम्हांला आमच्या चौतीस वर्षांच्या मास्तरकीचा हिशेब पुन्हां मांडावयास लावलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बोस्टन शहराजवळ राहतात. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो मराठी समजतो, बोलतोही. परंतु वाचतां येत नाहीं. तेथें जाण्यापूर्वींच आम्हीं मनाशीं बेत ठरविला होता कीं, पांच महिन्यांत त्याला देवनागरी अक्षरें शिकवावयाचीं आणि शंभर श्लोक मुखोद्गत करून घ्यावयाचे. रोज दिवेलागणीला त्याला पुढ्यांत बसवून आम्ही चरण म्हणत असूं व तो आमच्यामागून म्हणत असे. पहिला पंधरवडा बरा गेला. पुढें त्याचें पोट दुखूं लागलें, आणि तें नेमकें दिवेलागणीलाच दुखूं लागलें. एके दिवशीं त्यानें विचारलें, "आजोबा, हे मी कशासाठी पाठ करायचं?" आम्हीं उत्तर दिलें, "मोठा झालास म्हणजे कळेल." आमच्या गुरुजींनीं आम्हांला हेंच उत्तर दिलें होतें आणि आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांना तेंच दिलें होतें. मुलगा गप्प बसला. पण त्या दिवसापासून आम्ही दिवाणखान्यांत आलों कीं तो हळूच उठून आपल्या खोलींत जाऊं लागला. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. आमच्या कुटुंबानें मात्र एके रात्रीं सांगितलें, "अहो, पोराला श्लोक आले नाहीत तरी चालेल. आपण परत गेल्यावर त्याला आपली आठवण पोटदुखीची राहायला नको." हें बोलणें आम्हांला लागलें, परंतु मास्तराला आपली चूक कबूल करावयास घर पुरत नाहीं, त्याला घराबाहेर पडावें लागतें.

सप्टेंबर अखेरीस तेथें झाडांचीं पानें रंग पालटूं लागतात. तो रंगोत्सव पाहावयास लोक लांबलांबून व्हरमाँट नांवाच्या डोंगराळ संस्थानांत जातात. सूनबाई म्हणाल्या, "तिथं एका कवीच्या नावाची पायवाट आहे. झाडांमध्ये त्याच्या कविता लावल्या आहेत. बाबांना आवडेल." एका शनिवारीं पहाटे आम्ही सारीं मंडळी निघालों. मोटारीचा प्रवास साडेतीन-चार तासांचा होता.

व्हरमाँटमध्यें शिरतांच रस्त्याच्या कडेला कांहींतरी उणें आहे असें वाटूं लागलें. परंतु काय, तें ध्यानांत येईना. चिरंजीवांनीं उलगडा केला. त्या संस्थानानें १९६८ साली कायदा करून रस्त्यालगतचे जाहिरातींचे मोठे फलक बंद केले आहेत. साबण नाहीं, दागिने नाहींत, पुढाऱ्यांचे वाढदिवस नाहींत. केवळ डोंगर आणि झाडें. जेथें अशा फलकांना मज्जाव आहे तेथें कवितेची पाटी शोभून दिसावी यांत नवल नाहीं. आमच्याकडे बिचारीला दाटींत उभें राहावयास देखील जागा मिळावयाची नाहीं.

दुसरी एक गोष्ट पाहून मात्र आम्हांला परकेपणा वाटेनासा झाला. रानांतून, माळांवरून, कित्येक ठिकाणीं दाट झाडींतूनही, नुसत्या दगडावर दगड रचून केलेल्या कमरेएवढ्या भिंती गेलेल्या दिसतात. चुना नाहीं, माती नाहीं. आम्ही कोंकणचे, हा तर आमचा गडगा! पूर्वींच्या शेतकऱ्यांनीं शेतांतील दगड वेंचून या भिंती घातल्या. पुढें शेतें ओस पडलीं, त्यांवर रान माजलें आणि गडगे मात्र राहिले. ज्या कवीच्या वाटेनें आम्ही जाणार होतों, त्यानें असा गडगा दुरुस्त करणाऱ्या दोन शेजाऱ्यांवर एक कविता लिहिली आहे आणि ती त्याच्या १९१४ सालच्या संग्रहांत आहे. गडग्यावरून शेजाऱ्यांशीं चार शब्द झाले नाहींत असें घर आमच्या आळींत सांपडणार नाहीं. काव्य मात्र कोणाला सुचलें नाहीं.

हँकॉक या खेड्यापासून १२५ क्रमांकाचा रस्ता डोंगर चढूं लागतो. मिडलबरी गॅप ही खिंड ओलांडून पलीकडे उतरतांना पिवळ्या रंगाच्या लांकडी इमारतींचा एक समूह लागतो. ही ब्रेडलोफ येथील उन्हाळी इंग्रजी पाठशाळा होय. ती १९२० साली सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षीं हा कवि तेथें प्रथम आला. तेथून थोडें खालीं, रिप्टन गांवाच्या अलीकडे, डाव्या हातास रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या नांवाची पायवाट सुरू होते. तिची व्यवस्था सरकारी जंगलखात्याकडे आहे.

वाटेवर पाऊल ठेवण्यापूर्वीं कवीची ओळख करून देणें आवश्यक आहे. रॉबर्ट फ्रॉस्ट यांचा जन्म २६ मार्च १८७४ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें झाला. वडील १८८५ साली वारले. विधवा आई मुलांना घेऊन देशाच्या दुसऱ्या टोंकास सासऱ्यांच्या गांवीं आली आणि शाळेंत शिकवून संसार चालवूं लागली. पुढें मुलगा डार्टमथ व हार्वर्ड या दोन नामांकित विद्यालयांत गेला. पण पदवी कोठलीच घेतली नाहीं. आम्ही मॅट्रिकपुढें गेलों नाहीं, म्हणून ही गोष्ट आम्हीं चिरंजीवांकडून दोनदां सांगवून घेतली! आजोबांनीं घेऊन दिलेल्या शेतावर त्यांनीं कोंबड्या पाळल्या, शेती केली, शाळेंत शिकविलें. अडतिसाव्या वर्षापर्यंत त्यांचें एकही पुस्तक छापून निघालें नव्हतें. १९१२ साली शेत विकून ते कुटुंबासह इंग्लंडांत गेले आणि पहिला संग्रह १९१३ साली तेथें निघाला. पुढें मात्र कीर्ति अशी आली कीं, पुलित्झर पारितोषिक त्यांना चार वेळां मिळालें आणि ज्यानें एकही पदवी घेतली नव्हती त्याला विद्यापीठांनीं चाळिसांहून अधिक सन्मान्य पदव्या दिल्या.

कीर्तीनें घर भरतें असें मात्र नाहीं. सहा मुलांपैकीं चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेलीं. १९३८ साली पत्नी निवर्तली. त्यानंतर १९३९ साली, पासष्टाव्या वर्षीं, त्यांनीं या पायवाटेजवळचें एक जुनें शेत घेतलें. शेतावरील घर स्नेह्यांना राहावयास दिलें आणि आपण मागच्या टेंकाडावरील लहानशा लांकडी झोंपडींत राहूं लागले. १९६३ साली देहावसान होईपर्यंत त्यांचे बहुतेक उन्हाळे येथेंच गेले. आम्हांलाही पासष्टावें उलटलें आहे. त्यामुळें ती झोंपडी मनासमोर उभी राहिली तेव्हां क्षणभर कांहीं बोलवेना.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध कविता बर्फाळ संध्याकाळीं रानाजवळ थांबलेल्या वाटसरूची आहे. ती लिहिली मात्र १९२२ सालच्या जून महिन्यांत, रात्रभर जागून, सूर्य वर आल्यानंतर! तिच्या अखेरच्या ओळी पंडित जवाहरलाल नेहरूंनीं स्वहस्तानें लिहून आपल्याजवळ ठेविल्या होत्या आणि १९६४ साली त्यांचें निधन झालें तेव्हां त्या त्यांच्या मेजावर होत्या, ही हकीकत आमच्या पिढीच्या वाचकांना ठाऊकच आहे.

आतां वाटेकडे वळूं. आरंभीं खडी घातलेली सपाट वाट आहे. चाकांच्या खुर्चींतून येणाऱ्यांनाही रानांत शिरतां यावें म्हणून सुमारें तिसरा हिस्सा तसा राखला आहे. पुढें लांकडी फळ्यांचा पूल लागतो. त्याखालीं बीव्हर नांवाच्या प्राण्यानें अडविलेलें संथ पाणी आहे. हा प्राणी झाडें कुरतडून पाडतो व त्यांच्या फांद्यांनीं ओढ्यास बांध घालतो. कोणतेंही अंदाजपत्रक न करतां बांधलेलें हें धरण पाहून आमचे बंधु, जे पाटबंधारे खात्यांत होते, त्यांची आठवण झाली.

पुलापासून थोड्या अंतरावर पहिली कविता भेटली. एक साधा खांब, त्यावर तिरपी बसविलेली पाटी आणि पाटीवर अक्षरें. बस्स. कवीचें चित्र नाहीं, भावार्थ नाहीं, कठीण शब्दांचे अर्थ नाहींत, खालीं प्रश्न नाहींत! मास्तराच्या डोळ्यांना हें उघडें-उघडें वाटलें. आमचें इंग्रजी मॅट्रिकचें. आम्ही ओळीखालीं बोट धरून सावकाश वाचूं लागलों. पण या कवीची भाषा शेतावर राबणाऱ्या माणसाची, साधे शब्द, आखूड वाक्यें. वाचून मान वर केली तों समोर तेंच गवत आणि तेंच पाणी. ज्या गोष्टीचा शब्द नुकताच वाचला, ती गोष्ट हातभर अंतरावर वाऱ्यानें हालत होती. आम्हीं पुस्तकांत कितीतरी निसर्गकविता वाचल्या आहेत, पण प्रत्येक वेळीं मान वर केली तेव्हां समोर फळा होता.

पाट्या थोड्याथोड्या अंतरावर येत राहतात. मधल्या झाडाझुडपांचींही नांवें लिहिलेलीं आहेत, त्यामुळें परका मनुष्यही अडत नाहीं. असेंच एक नांव वाचून आम्ही थबकलों. पांढऱ्या सालीचें सडपातळ झाड. साल कागदासारखी पातळ, आडवे पापुद्रे सुटलेले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा बर्च." आम्हीं ती साल बोटांनीं चांचपली आणि एकदम लख्ख झालें कीं, हा तर भूर्ज! आपल्या हिमालयांतील भूर्जवृक्षाचाच हा सख्खा भाऊबंद. त्याच्याच सालीवर काश्मीरच्या पंडितांनीं पोथ्या लिहिल्या. त्याच्याच सालीवर विद्याधरस्त्रिया प्रेमपत्रें लिहितात असें कालिदासानें कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गांत वर्णिलें आहे. तो सर्ग आम्हीं पाठशाळेंत शिकलों. पुढें संस्कृताच्या वर्गांना त्यांतील वेंचे शिकविले. "भूर्ज म्हणजे एक प्रकारचा वृक्ष" हा अर्थ आम्हीं शेंकडों वेळां सांगितला असेल. परंतु तो पांढरा आहे, त्याची साल ऊन लागलें म्हणजे चमकते आणि बोटाखालीं रेशमासारखी लागते, हें आम्हांला सहासष्टाव्या वर्षीं, सात समुद्रांपलीकडे, एका इंग्रजी पाटीनें सांगितलें. एक प्रकारचा वृक्ष! इतकी वर्षें आम्ही मुलांना काय शिकवीत होतों?

नातू इतका वेळ आजीचा हात धरून मागून येत होता. आम्ही झाडापाशीं उभे राहिलेले पाहून तो जवळ आला. "आजोबा, काय झालं?" आम्हीं सांगितलें कीं, हें झाड आम्हांला नांवानें पन्नास वर्षें ओळखीचें आहे, पण भेट आजच झाली. त्याला त्यांत फार गंमत वाटली. त्या सालीवर पूर्वीं पुस्तकें लिहीत असत, हें ऐकल्यावर खालीं पडलेला एक पापुद्रा उचलून तो त्यावर नखानें आपलें नांव काढूं लागला. महिनाभरानंतर तो आपण होऊन आमच्याजवळ उभा राहिला होता.

पुढें नदी ओलांडून वाट रानांत शिरते आणि एके ठिकाणीं तिला दोन फांटे फुटतात. तेथें दोन वाटांविषयींची ती सुप्रसिद्ध कविता उभी केली आहे. फ्रॉस्ट इंग्लंडांत असतांना एडवर्ड टॉमस नांवाचे कवि त्यांचे जिवलग मित्र झाले. दोघे रानांतून हिंडत; आणि कोणत्याही वाटेनें गेलें तरी टॉमस घरीं येऊन हळहळत कीं, दुसरीनें गेलों असतों तर याहून चांगलें कांहीं दिसलें असतें. मित्राच्या या स्वभावाची थट्टा म्हणून फ्रॉस्टनीं ही कविता लिहिली व १९१५ साली ती छापली गेली. थट्टा टॉमसना पुरती कळली नाहीं. ते सैन्यांत शिरले आणि ९ एप्रिल १९१७ रोजीं फ्रान्समध्यें आरास येथें रणांगणावर पडले. थट्टा लोकांनाही कळली नाहीं. आज शंभर वर्षांनंतरही ती कविता पदवीदानाच्या भाषणांतून धैर्याचा उपदेश म्हणून सांगितली जाते.

नातवानें ती मोठ्यानें वाचली आणि मग दोन्ही वाटांकडे आळीपाळीनें पाहून म्हणाला, "आजोबा, पण दोन्ही वाटा तर सारख्याच दिसतात." चिरंजीव हंसले, कारण कवीनेंही तेंच म्हटलें आहे आणि तेंच लोक वाचावयाचें विसरतात. नऊ वर्षांच्या मुलानें तें ओळखलें, कारण त्याच्या डोळ्यांसमोर वाटा होत्या. वर्गांत बसला असता तर आम्हीं त्याला तात्पर्य आधीं सांगितलें असतें आणि त्याला वाटा दिसल्याच नसत्या.

रान संपून मोकळा माळ लागतो. येथें ब्लूबेरीचीं झुडपें आहेत. उन्हाळ्यांत त्यांना निळीं फळें येतात आणि वाटसरू तीं तोडून खातात, जशीं आपण वैशाखांत करवंदें खातों. आम्ही गेलों तेव्हां फळें संपलीं होतीं. पानें कुंकवासारखीं लाल झालीं होतीं. पलीकडे डोंगरांची रांग, तिच्यावर पिवळ्या-तांबड्या रंगांची उधळण आणि मधूनमधून सूचिपर्णी वृक्षांचा काळसर हिरवा. हा माळ आपोआप मोकळा राहत नाहीं. ठराविक काळानें जंगलखातें तो जपून पेटवून देतें; नाहींतर रान त्याला गिळून टाकील आणि कवीनें पाहिलेला देखावा नाहींसा होईल. हें वाचून आम्हांला आमची भाजावळ आठवली. शेत भाजल्यावांचून भाताचा तरवा जोमानें उगवत नाहीं, हें कोंकणांतल्या पोरालाही कळतें. देखावा टिकविण्यासाठींही भाजावें लागतें हें आम्हांला नवें होतें.

माळावर डोंगराकडे तोंड करून आम्ही सारीं टेंकलों. डबे उघडले. तेथें चिरंजीवांनीं एक हकीकत सांगितली. २००७ सालच्या डिसेंबरांत कांहीं तरुण मुलें फ्रॉस्ट यांच्या त्या शेतावरील घरांत रात्रीं चोरून शिरलीं. मेजवानी केली, दारू प्यालीं, सामानाची मोडतोड केली, थंडी भागविण्यास खुर्ची जाळली. मुलें पकडलीं गेलीं. तेव्हां सरकारी वकिलांना निराळीच शिक्षा सुचली. मिडलबरी महाविद्यालयांतील प्राध्यापक जे पॅरिनी, ज्यांनीं फ्रॉस्ट यांचें चरित्र लिहिलें आहे, त्यांना त्या मुलांस फ्रॉस्टच्या कविता शिकविण्यास सांगण्यांत आलें. १९६८ पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेलें घर ज्यांनीं नासलें, त्यांना त्या घराच्या धन्याची ओळख करून देण्यांत आली.

नातवाला शिक्षेची ही तऱ्हा अजब वाटली. "आजोबा, तुम्ही कधी कुणाला कवितेची शिक्षा केली होती?" त्यानें विचारलें.

आम्ही खोटें बोलूं शकलों असतों. पण समोर डोंगर होता आणि मुलानें महिनाभरानें आपण होऊन प्रश्न विचारला होता. आम्हीं सांगितलें तें असें.

१९८९ सालचा पावसाळा. आम्ही एका खेड्यांतील शाळेंत मराठीचा तास घेत होतों. बालकवींची औदुंबर ही कविता चालली होती. मागच्या बांकावरील एका मुलानें उठून विचारलें, "गुरुजी, औदुंबर कसा असतो?" तास संपत आला होता, तपासणी जवळ आली होती, वर्गांत हंशा पिकला. आम्हांला वाटलें, पोरगा वात्रटपणा करतो. आम्हीं त्याला ती कविता पंचवीस वेळां लिहून आणावयास सांगितली. त्यानें आणली. अक्षर वांकडें होतें, पण मोजून पंचवीस होत्या. त्यानंतर त्यानें आमच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाहीं. सातवी झाल्यावर शाळा सोडून तो वडिलांबरोबर होडीवर जाऊं लागला.

शाळेच्या मागें, विहिरीच्या कांठीं, शंभर पावलांवर, औदुंबराचें मोठें झाड होतें. त्या मुलाच्या घरीं त्याला रुंबड म्हणत. तो रोज त्याच्या सावलींत डबा खाई. हें झाड आणि ती कविता एकच आहेत, एवढें सांगावयास आम्हांला शंभर पावलें चालावें लागलें असतें. आम्ही चाललों नाहीं.

नातवानें सारें लक्ष देऊन ऐकलें. मग म्हणाला, "मग नंतर त्याला झाड दाखवलंत का?"

आम्हीं म्हटलें, "नाहीं."

तो पुढें कांहीं बोलला नाहीं. कोणीच बोललें नाहीं. आमच्या कुटुंबानें डबे झांकले आणि आम्ही उठलों.

उरलेल्या वाटेवर नातू पुढें धांवत होता. पाटी दिसली कीं थांबे, आम्ही पोहोंचेपर्यंत स्वतःशीं वाचून ठेवी आणि मग आजीला मराठींत अर्थ सांगे. त्याच्या मराठींत कोठें क्रियापद चुके, कोठें लिंग. आमच्या जिभेवर दुरुस्ती आलीही, पण प्रथमच आम्हीं ती गिळली. एका पाटीपाशीं तो थांबलाच नाहीं. ती त्याला आवडली नाहीं म्हणे. आम्हीं कांहीं म्हटलें नाहीं. वाटेवरच्या कवितेचा हाच गुण आहे. ती कोणाचा हात धरून बसवीत नाहीं. ज्याला थांबावेंसें वाटेल त्याच्यासाठीं ती ऊन-पावसांत उभी असते, आणि जो पुढें निघून जातो त्याच्यावर रागावत नाहीं.

यावरून पाठांतर व्यर्थ आहे असा अर्थ कोणी काढूं नये. २० जानेवारी १९६१ रोजीं अध्यक्ष केनेडी यांच्या अधिकारग्रहणसमारंभास शहाऐंशी वर्षांचे फ्रॉस्ट नवी कविता लिहून घेऊन गेले होते. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाच्या झगझगाटानें त्यांना कागदावरील अक्षर दिसेना. वृद्ध कवीनें कागद बाजूला सारला आणि आपली एक जुनी कविता मुखोद्गत म्हटली. त्या क्षणीं त्यांना पाटी उपयोगीं पडली नसती. मुखांत होतें तेंच कामास आलें. आमच्या पूर्वजांनीं वेद राखले तेही असेच. परंतु ज्यानें ती कविता पाठ म्हटली त्यानें ती भूमि पायांखालीं घातली होती, तिच्यांत नांगर धरला होता. मुखांतील शब्दाला डोळ्यांचा आधार पाहिजे. नुसता मुखांत राहिलेला शब्द "एक प्रकारचा वृक्ष" होऊन बसतो.

ही कल्पना केवळ अमेरिकेची नव्हे. जपानांत नारा येथें कासुगा देवस्थानापाशीं १९३२ पासून एक उद्यान आहे. मान्योशू या जुन्या काव्यसंग्रहांत उल्लेखिलेल्या सुमारें तीनशें जातींच्या वनस्पती तेथें लाविल्या आहेत. इंग्लंडांत मार्सडेन व इल्कली या गांवांमधील डोंगरपठारावर सायमन आर्मिटेज या कवीच्या सहा कविता २०१२ साली शिळांवर कोरून ठेविल्या गेल्या. पाऊस, धुकें, दंव हेच त्यांचे विषय आणि पाऊस, धुकें, दंव हेच त्यांचे रोजचे सोबती. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत मालगुंड येथें केशवसुतांचें स्मारक १९९४ साली झालें. त्याच्या आवारांत त्यांच्या कविता शिळांवर वाचावयास मिळतात. केशवसुतही पोटासाठीं मास्तरकीच करीत. परत आल्यावर आम्ही तेथें मुद्दाम गेलों. शाळेंत शिकविलेलींच कडवीं समुद्राच्या वाऱ्यांत उभें राहून वाचलीं तेव्हां तीं निराळीं वाटलीं.

उरलेल्या दोन महिन्यांत दिवेलागणीचा तास आम्हीं बंद केला. त्याऐवजीं नातवाबरोबर घराजवळच्या रानांत फिरावयास जाऊं लागलों. एखादें झाड, एखादा पक्षी, ढग दिसला म्हणजे आम्हांला त्यावरचा श्लोक आठवे; आम्ही तो म्हणत असूं आणि पुढें चालूं लागत असूं. कधीं तो "पुन्हा म्हणा" म्हणे, कधीं म्हणत नसे. शंभर श्लोकांचे अकराच झाले. देवनागरींत तो आपलें, आजीचें व भूर्जाचें नांव लिहूं लागला. पोटदुखी मात्र कायमची गेली.

घरीं आल्यावर आम्हीं एक लहानसा उद्योग केला आहे. आमचें कुटुंब मोठें. तीन भावांचा संसार, मुलें-नातवंडें मिळून अठरा पानें उठतात. मागील दारीं विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर प्राजक्त आहे. त्याच्या फांदीला आम्हीं शाळेंतील जुनी दगडी पाटी टांगली आहे. दर सोमवारीं तिच्यावर एक कविता किंवा श्लोक लिहिला जातो. आमच्या सौभाग्यवतींचें अक्षर चांगलें म्हणून तें काम त्यांच्याकडे आहे. निवड मुलांनीं करावयाची. नियम एकच: जें लिहावयाचें तें त्या वाटेवरून दिसलें पाहिजे किंवा ऐकूं आलें पाहिजे. पाठ करण्याची सक्ति नाहीं आणि अर्थ विचारल्याखेरीज सांगावयाचा नाहीं. हा दुसरा नियम केवळ आमच्यासाठीं आहे. खर्च म्हणाल तर सुतळीचा तुकडा. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अंगण आहे त्यांनीं हा प्रयोग करून पाहावा. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांना गच्चीवरची कुंडीही पुरेल.

शाळेमागील तें औदुंबराचें झाड अजून आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तेथेंही एक पाटी लावण्याचा विचार आहे. कोणती कविता लावावयाची हें ठरलेलेंच आहे. तो मुलगा आतां पन्नाशीकडे झुकला असेल. त्याची होडी पलीकडच्या बंदरांत असते असें कळतें. पाटी लागली म्हणजे त्याला बोलावणें धाडण्याचें आम्हीं योजिलें आहे. येईल न येईल, त्याची मर्जी.

परवां रात्रीं अवेळीं पाऊस झाला आणि प्राजक्तावरील पाटी धुऊन स्वच्छ झाली. सकाळीं पाणी भरावयास जातांना धाकट्या भावाची नात तेथें थांबली आणि आम्हांला विचारूं लागली, "आबा, काल इथं काय होतं?" आमच्या ओठांवर तें आलें होतें. पण तेवढ्यांत तिनेंच डोळे मिटले, झाडाखालच्या ओल्या फुलांवर उभी राहून थोडें आठवलें, आणि पहिल्या दोन ओळी तिनें स्वतःच म्हटल्या.